लक्ष, लक्ष्य आणि मेणबत्ती

आपल्या भाषेत ‘लक्ष’ या एका उच्चारात तीन अर्थ एकत्र नांदत आहेत. ‘अभ्यासाकडे लक्ष दे’ असे आपण मुलाला सांगतो, तेव्हा लक्ष म्हणजे अवधान. बाणाने जे वेधावयाचे ते लक्ष्य. बोलण्याच्या ओघात त्यातला ‘य’ बहुधा गळूनच पडतो. आणि शंभर सहस्रांची जी संख्या तीही लक्षच. मन एका ठिकाणी स्थिर करणे, काही एक साध्य डोळ्यांपुढे ठेवणे आणि तेच कृत्य न कंटाळता पुनःपुन्हा करीत राहणे, या तीन गोष्टी भाषेने एकाच घरात आणून बसविल्या आहेत. व्युत्पत्तीचा विचार आपण पंडितांकडे सोपवू; परंतु मुले वाढविणाऱ्या कोणाही आईबापाने या शेजारधर्माचा विचार करावा, असे मला वाटते. कारण आज ही तिन्ही भावंडे एकमेकांपासून दुरावली आहेत, आणि त्यांना पुन्हा एका पाटावर बसविण्याचा एक अगदी साधा, घरगुती उपाय मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. तो उपाय म्हणजे मुलांना बरोबर घेऊन घरी मेणबत्ती तयार करणे.

इतक्या मोठ्या रोगावर इतके क्षुल्लक औषध, असे कोणी म्हणेल. म्हणून प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. आमच्या मुलाला काही ध्येयच नाही, अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकू येते. वस्तुतः आजच्या मुलाला ध्येये नाहीत असे नसून ती फार आहेत. अमुक इतके टक्के, अमुक प्रवेशपरीक्षा, अमुक महाविद्यालय, अमुक स्पर्धेतील ढाल, अशी ध्येयांची रांगच त्याच्यापुढे उभी असते. उणीव एवढीच की, त्यांतले एकही त्याने स्वतः निवडलेले नसते. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला घालावा, तशी आपली राहून गेलेली स्वप्ने आपण मुलांच्या अंगावर चढवितो, आणि बाह्या लांब झाल्या म्हणून त्यांनाच दोष देतो. दहा वर्षांचे मूल हे निमूटपणे सोसते. परंतु तेच मूल अठरा-वीस वर्षांचे झाले आणि आता पुढे काय करावयाचे हे सांगणारे कोणी उरले नाही, म्हणजे ते गोंधळून उभे राहते. स्वतः काही ठरवावे, ठरविलेले मोजावे आणि मोजलेले पुरे करावे, हा अभ्यास त्याच्याकडून कधी झालेलाच नसतो.

दुसरी गोष्ट अवधानाची. हातातल्या लहानशा पडद्यावरून बोट फिरविले की दृश्य बदलते, पुन्हा फिरविले की पुन्हा बदलते. तेथे वाट पाहणे म्हणून काही उरतच नाही. या यंत्राला शिव्या देण्यासाठी मी आज येथे आलो नाही. आपणही तेच यंत्र हातात घेऊन मुलांना उपदेश करीत असतो, हे विसरून चालणार नाही. परंतु ज्याला वाट पाहता येत नाही, त्याला कोणतेही दूरचे साध्य गाठता येणार नाही, हे उघड आहे. आणि वाट पाहणे ही गोष्ट व्याख्यानाने शिकविता येत नाही. ती हातांनीच शिकावी लागते.

हातांचा आणि अवधानाचा हा संबंध नवा नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातील सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. तेथील तीन वर्षांच्या सुमाराची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या खाचांत दट्टे बसविण्याचा खेळ खेळत होती. ती ते सर्व दट्टे बाहेर काढी आणि पुन्हा आपापल्या जागी बसवी. बाईंनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणे म्हणावयास लाविले, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेविले. पण मुलीचे काम थांबले नाही. चाळीसांहून अधिक वेळा तिने ते केले, आणि नंतर कोणीही न सांगता थांबून, गाढ झोपेतून उठावे तशी प्रसन्न चेहऱ्याने तिने इकडे तिकडे पाहिले. मुलांना एकाग्रता नसते हा समज त्या एका दृश्याने खोटा ठरविला. त्यांना हवे असते ते हाताला पटणारे काम, आणि ते पुरे होईपर्यंत मध्येच कोणी हाक न मारणे. पुढे १९३९ साली माँटेसरीबाई हिंदुस्थानात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांचा मुक्काम येथेच होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हीच दृष्टी बोर्डी आणि कोसबाड येथील मुलांपर्यंत, आपल्या मातीतील साधनांच्या साहाय्याने नेली.

आणि खरे सांगावयाचे तर आपल्या आज्यांना हे रोमहून कोणी येऊन सांगावे लागले नव्हते. चातुर्मासात लक्षवातींचा संकल्प सोडणाऱ्या स्त्रिया कित्येक मराठी घरांत होत्या. ग्वाल्हेरपासून बेळगावपर्यंत आजही कोठे कोठे आहेत. कापूस निवडावयाचा, सरकी काढावयाची, बोटाला किंचित राख लावून वात वळावयाची, आणि मोजून बाजूला ठेवावयाची. लाख वाती एका दिवसात होत नाहीत. दिवसाला हजार वळल्या तरी शंभर दिवस लागतात. हा हिशोब अक्षर न ओळखणाऱ्या आजीलाही तोंडपाठ असे. अवधान, साध्य आणि संख्या, म्हणजे लक्षाचे तिन्ही अर्थ तिच्या त्या कापसाच्या परडीत एकत्र होते. मेणबत्तीकडे मी वळतो तो याच वाटेने. कारण तीतही मुळाशी असते ती वातच.

मेणाचा आणि मनातील इच्छेचा संबंधही आपल्या मुलुखात जुना आहे. वांद्र्याला मोत माउलीची जत्रा सप्टेंबर महिन्यात भरते. तेथे मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळे आणि मेणाची घरे विकावयास ठेविलेली असतात. ज्याचा पाय दुखतो तो पाय वाहतो, ज्याला घर हवे तो घर वाहतो. गोव्यात म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही तेल आणि मेणबत्त्या घेऊन जातात. हे नवस श्रद्धेने केलेले असतात आणि त्यांची थट्टा करण्याचे काही कारण नाही. पण नवस आणि संकल्प यांत एक भेद आहे, तो मुलांना समजावून द्यावा. नवसात आपण मागतो. संकल्पात आपण स्वतःला बांधून घेतो. ‘मला घर मिळू दे’ हा नवस. ‘मी रोज सायंकाळी एवढे करीन’ हा संकल्प. मुलांच्या हातून जी मेणबत्ती आपण करविणार, ती या दुसऱ्या जातीची.

आता कृती. मेणबत्ती दोन प्रकारांनी करता येते: साच्यात ओतून किंवा वात मेणात बुडवून. साच्याची मेणबत्ती लवकर होते, परंतु तीत मुलाला करण्यासारखे फारसे नसते. मेण ओतले की काम साच्याचे. आपल्या कामाची आहे ती बुडवून केलेली मेणबत्ती. कापसाच्या सुताचे तीन पदर घेऊन त्यांची घट्ट वेणी घालावी. वेणी घातलेली वात जळताना टोकाशी किंचित वाकते, तिचे टोक ज्योतीच्या बाहेर येऊन आपोआप जळून जाते, आणि काजळी वारंवार कातरावी लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा शोध लागला, तोवर मेणबत्तीजवळ कात्री घेऊन बसावे लागे. दीड हात लांबीची वेणी मधोमध एका काठीवर टाकली की तिची दोन टोके सारखी खाली लोंबतात. एकाच बुडवणीत अशा दोन मेणबत्त्या, एक जोडी तयार होते. ही जोडी का हवी ते पुढे सांगतो.

मेणासाठी वीतभर उंचीचा आणि चार बोटे रुंदीचा पत्र्याचा डबा घ्यावा. त्यात किलोभर पॅराफिनचे मेण तुकडे करून घालावे. हा डबा विस्तवावर कधीही थेट ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी घ्यावे, तळाशी एखादी लहान ताटली पालथी घालावी आणि तीवर हा डबा उभा करावा. उघड्या पातेल्यातील पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाही, म्हणून मेणही त्याच्यापुढे जात नाही. थेट आचेवर मात्र ते तापत जाऊन पेट घेऊ शकते. साध्या मेणबत्तीचे मेण साठ अंशांच्या आसपास वितळते आणि बुडविण्याच्या वेळी ते सत्तर अंशांच्या सुमारास असावे. शेगडीचे काम सर्वस्वी मोठ्या माणसाचे. मुलांनी केस बांधावेत, सैल ओढण्या व लोंबत्या बाह्या आवराव्यात, आणि पायांत काही तरी घालावे. चुकून मेणाने पेट घेतलाच तर त्यावर पाणी टाकू नये. आच बंद करून वर झाकण घालावे. अंगावर थेंब उडाला तर वीस मिनिटे नळाच्या साध्या थंड पाण्याच्या धारेखाली धरावा. बर्फ किंवा दंतमंजन लावू नये. उरलेले मेण मोरीत ओतू नये. ते तेथेच थिजून नळ तुंबतो. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलाला मोठ्यांच्या शेजारी उभे राहून बुडविता येते. त्याहून लहान मुलांनी वेणी घालावी. तेही काम कमी महत्त्वाचे नाही.

आता खरा भाग येतो. काठी दोन्ही हातांनी धरून वाती मेणात सोडावयाच्या. प्रथम वातीतून बुडबुडे येतात. ते थांबले की वाती बाहेर काढून, ताणून सरळ कराव्यात आणि दोन खुर्च्यांच्या पाठींवर काठी आडवी ठेवून द्यावी. दोन मिनिटे थांबावे. पुन्हा बुडवावी, लागलीच बाहेर काढावी, पुन्हा थांबावे. पहिल्या पाच-सहा वेळी मेणबत्ती होते आहे असे वाटतच नाही; नुसता ओशट दोरा दिसतो. येथे मुलांचा धीर सुटतो. कोणी म्हणते, ‘जरा जास्त वेळ बुडवून ठेवू, म्हणजे जाड होईल.’ त्याला तसे करू द्यावे. मेणात जास्त वेळ राहिलेल्या वातीवरचे आधीचे थरही वितळून जातात आणि दोरा होता तसा बाहेर येतो. घाई केली की मिळविलेलेही जाते, ही गोष्ट दहा उपदेशांनी जी समजली नसती, ती या एका बुडवणीत समजते. बोटाएवढी जाडी येण्यास सुमारे पंचवीस-तीस पुटे द्यावी लागतात. आयुर्वेदातील सहस्रपुटी अभ्रकाला हजार वेळा अग्नी देतात, तेव्हा ते औषध ठरते. त्यामानाने आपली तीस पुटे काहीच नाहीत.

पुट बुडविण्यास दोन क्षण लागतात आणि थंड होण्यास दोन मिनिटे. म्हणजे या उद्योगाचा बहुतेक वेळ थांबण्यातच जातो. हा थांबण्याचा वेळ हेच आपले खरे साधन होय. त्या वेळात रेडिओ, मोबाईल काही नको. सांगण्यासारखे काही असेल तर सांगावे, नसेल तर स्वस्थ बसावे. मेणाचा रंग पारदर्शक असतो तो दुधी कसा होत जातो ते मुलाला पाहू द्यावे. मेणाचा एक घट्ट तुकडा वितळलेल्या मेणात टाकून दाखवावा, तो बुडतो. बर्फ मात्र पाण्यावर तरंगतो. असे का, हे विचारावे आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये.

असे प्रश्न मुलांना विचारण्यात ज्याचा हात धरणारा कोणी झाला नाही, असा एक मोठा माणूस मेणबत्तीच्याच निमित्ताने अजरामर झाला आहे. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. वयाच्या चौदाव्या वर्षी तो लंडनमधील एका पुस्तकबांधणीवाल्याकडे उमेदवारी करू लागला आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचूनच विज्ञान शिकला. विद्युत्शास्त्रात जगप्रसिद्ध झाल्यावर, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, १८६०–६१ च्या नाताळात त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर सहा व्याख्याने दिली. त्यांचा विषय एकच, मेणबत्ती! आणि प्रारंभच त्याने कशाने केला, तर कापसाची वात वितळलेल्या चरबीत बुडवून, काढून, थंड करून, पुन्हा बुडवून मेणबत्ती कशी करतात या माहितीने. त्याच्या जवळ तेव्हा दाखविण्यासारखी कितीतरी चमत्कारिक यंत्रे होती. पण समोरच्या एका क्षुद्र वस्तूकडे पुरेसा वेळ पाहिले तर वायू, पाणी, ज्वलन आणि आपला श्वासोच्छ्वास येथपर्यंत जाता येते, हे त्याला मुलांना दाखवावयाचे होते. अवधानाचा याहून चांगला पाठ मला माहीत नाही.

आता संकल्पाकडे येऊ. मेणबत्ती अर्धीअधिक जाड झाली आणि मुलाचे मन शांत झाले, म्हणजे त्याला विचारावे, ‘या महिन्यात तुला स्वतःला काय करावेसे वाटते?’ पहिले उत्तर बहुधा आपल्याला खूश करण्यासाठी असते. ‘मी पहिला नंबर काढीन.’ हे उत्तर हसून बाजूला ठेवावे. पहिला क्रमांक हे आपल्या हातचे काम नव्हे. शेजारचा मुलगा किती अभ्यास करतो त्यावरही ते अवलंबून असते. दुसरे उत्तर येते, ‘मी चांगला वागेन.’ हेही फार मोघम. मग दोनच प्रश्न विचारावे. ‘ते झाले हे तुला कसे कळेल?’ आणि ‘उद्या सायंकाळी त्यासाठी तू नेमके काय करशील?’ या दोन चाळणींतून जे खाली उतरेल ते मुलाचे खरे लक्ष्य.

उदाहरण देतो. इंदूरच्या मराठी घरातील आठ-नऊ वर्षांची एखादी मुलगी घ्या. शाळेत ती हिंदी आणि इंग्रजी लिहिते. मराठी घरात बोलते, पण लिहीत नाही. तिला वाटते, साताऱ्याच्या आजीला आपण मराठीत पत्र लिहावे. लिपी तिला येतेच. अडते ते ‘ळ’पाशी, आणि बोलताना जिभेवर सहज येणारा शब्द कागदावर कसा उतरवावा या शंकेपाशी. पंधरा दिवसांत आजीला दहा ओळींचे पत्र, स्वतःच्या अक्षरात, कोणाची मदत न घेता, हे तिचे लक्ष्य. रोज सायंकाळी पाव तास मराठीतील पाच ओळी उतरून काढणे, हे त्याचे साधन. कोणी पेटीवर एक गाणे न अडखळता वाजवू इच्छील. कोणी बारा सूर्यनमस्कार. कोणी बागेतील एका झाडाचे रोज एक चित्र. लक्ष्य लहान आहे म्हणून नाक मुरडू नये. लहान असले तरच ते पुरे होते, आणि पुरे करण्याची गोडी एकदा लागली की मोठ्याकडे मूल आपणहून वळते.

आता त्या जोडीचे कारण सांगतो. मेणबत्ती हे प्रकाशाचे साधन, तसे काळाचेही आहे. नवव्या शतकात इंग्लंडात आल्फ्रेड नावाचा राजा होऊन गेला. दिवसरात्रीतील आपला अर्धा वेळ ईश्वरसेवेला देण्याचा त्याने संकल्प केला होता, असे त्याचा चरित्रकार ॲसर याने ८९३ साली लिहून ठेविले आहे. पण ढगाळ दिवसांत आणि काळोख्या रात्रींत वेळ मोजावा कसा? राजाने सारख्या वजनाच्या सहा मेणबत्त्या करविल्या. प्रत्येक बारा बोटे लांब आणि तीवर बोटाबोटाच्या खुणा. सहा मेणबत्त्या एकामागून एक जळून चोवीस तास होत. म्हणजे एक मेणबत्ती चार तासांची आणि एक खूण वीस मिनिटांची. तथापि वाऱ्याने त्या वेड्यावाकड्या जळत. तेव्हा लाकूड आणि शिंगाचे पातळ पापुद्रे यांचा कंदील करून त्याने त्या त्यात ठेवविल्या. आपल्याकडे लग्नाची घटिका मोजावयास घंगाळात जसे घटिकापात्र तरंगत ठेवीत, तशीच ही त्याची युक्ती. संकल्प केवढाही थोर असो, त्याला मोजमाप लागते आणि वाऱ्यापासून आडोसाही लागतो, हे त्या राजाने ओळखले होते.

आपणही तेच करावे. दुसऱ्या दिवशी जोडीतील एक मेणबत्ती परीक्षेसाठी घ्यावी. तिचे निमुळते टोक आधी जळू द्यावे, कारण तेथे वेग निराळा असतो. मग पंधरा मिनिटे घड्याळ लावून ती किती उतरली हे मुलानेच पट्टीने मोजावे. त्या मापाने दुसऱ्या मेणबत्तीवर खुणा कराव्यात. हव्या तर रंगीत दोरे गुंडाळावेत, मात्र पेटविण्यापूर्वी ते सोडावेत. किती खुणा बसतात ते पाहून मुलाने आपले दिवस ठरवावेत. आठ बसल्या तर आठ सायंकाळी. पंधरा दिवस हवे असतील तर आणखी एक जोडी. आपल्या वेळाचा हिशोब या निमित्ताने मुलाच्या हातात येतो. शाळेच्या वेळापत्रकाने तो येत नाही, कारण ते वेळापत्रक दुसऱ्याने आखलेले असते.

मग रोज सायंकाळी पंखा बंद करून, पडद्यापासून दूर, वाळू घातलेल्या थाळीत ती मेणबत्ती उभी करावी आणि मोठ्या माणसाने ती पेटवावी. एक खूण जळेपर्यंत मुलाने आपले ठरलेले काम करावे. खूण संपली की मेणबत्ती विझवावी आणि काम थांबवावे, मग ते कितीही रंगात आलेले असो. आरंभीचे मिनिटभर ज्योतीकडे नुसते पाहावे. वातीजवळचा निळसर काळा भाग, वरचा पिवळा भाग, भोवतालचे मेण वाटीसारखे खोल होऊन त्यात साठलेला द्रव, आणि तो द्रव सुताच्या पदरांतून वर चढतो तो मार्ग, एवढे पाहण्यात मन आपोआप जागेवर येते. त्यासाठी मुलाला डोळे मिटून बसण्याची सक्ती करावी लागत नाही. मोठे माणूस या पाव तासात तेथेच बसलेले हवे. जळत्या मेणबत्तीजवळ मुलाला एकटे सोडू नये, हे एक कारण. आणि आपल्या कामाजवळ कोणी तरी स्वस्थ बसले आहे, यासारखा दुसरा आधार मुलाला नसतो, हे त्याहून मोठे.

येथे वडीलधाऱ्यांना दोन पथ्ये सांगावीशी वाटतात. पहिले, मुलाची मेणबत्ती दुरुस्त करू नये. ती वाकडी होईल, तळाशी ढोबळ होईल, मध्येच गाठ येईल. वाकडी मेणबत्तीही जळते. आपण हातात घेऊन ती सरळ केली की त्या क्षणी ती आपली झाली, आणि तिच्याबरोबर तो संकल्पही आपला झाला. दुसरे, एखाद्या सायंकाळी मेणबत्ती पेटली नाही तर शिक्षा करू नये आणि बोलूनही दाखवू नये. न जळलेली खूण स्वतःच सांगत असते. मूल दोन दिवस तिच्याकडे पाहील आणि तिसऱ्या दिवशी काडेपेटी मागावयास येईल. न आलेच, तर ते लक्ष्य त्याचे नव्हते असे समजावे आणि नवे विचारावे. मेणाचा हा फार मोठा गुण आहे की, बिघडलेली मेणबत्ती टाकून द्यावी लागत नाही. पुन्हा डब्यात घालावी, वितळवावी, नवी वात घ्यावी. आपल्या परीक्षांतून मुलांना हे अभय मिळत नाही; निदान स्वयंपाकघरात तरी मिळू द्यावे.

महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत शिक्षणाला हस्तव्यवसायाची जोड देण्याची जी कल्पना मांडली, तिच्यावर पुढे पुष्कळ वादविवाद झाले. त्या वादात न शिरताही एवढे म्हणता येईल की, हाताने केलेल्या कामात फसवणूक चालत नाही. पाठ केलेले उत्तर न समजताही बरोबर येऊ शकते. वीस पुटे न देता मेणबत्ती मात्र जाड होत नाही. मुलाला स्वतःच्या प्रयत्नाचे असे प्रामाणिक प्रमाण रोजच्या जीवनात फार थोड्या ठिकाणी मिळते. आणि ज्याने ते एकदा पाहिले आहे, त्याला कोणी तरी दिलेली शाबासकी आणि खरोखर झालेले काम यांतील अंतर ओळखता येते. पुढील आयुष्यात या ओळखीसारखी रक्षण करणारी दुसरी गोष्ट नाही.

श्रोतेहो, येत्या सुट्टीतली एक दुपार यासाठी काढावी. साहित्य फार लागत नाही: किलोभर मेण, थोडे सूत, एक जुना डबा आणि दोन खुर्च्या. मात्र जाताना एक सूचना करतो. काठीवर मुलाच्या जोडीशेजारी आपलीही एक जोडी सोडावी. आपल्यालाही काही तरी राहून गेलेले असतेच: अर्धवट टाकलेले पुस्तक, लिहावयाचे राहिलेले पत्र, सोडून दिलेला तंबोरा. तो संकल्प मुलाच्या देखत बोलावा, मुलानेच आपल्यालाही ते दोन प्रश्न विचारावेत, आणि सायंकाळी एकाच थाळीत दोघांच्या मेणबत्त्या पेटाव्यात. आपली खूण जळावयाची राहिली, तर मुलाच्या नजरेला ती दिसेल. त्या नजरेसाठी तरी आपण उठून काडी ओढू, असा माझा भरवसा आहे.